देवगडच्या पॅकिंग शेडमधला हरवलेला पोर्ट

लिनक्सवर एखादं यंत्र चालत नाही असं कुणी सांगितलं, की मी आधी एवढंच विचारतो: यंत्र दिसतच नाही, की दिसून नाहीसं होतं? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. दिसतच नसेल तर केबल, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हर नसणं, असं काहीतरी असतं. दिसून नाहीसं होत असेल, तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. माझ्या मामांच्या पॅकिंग शेडमध्ये ऐन आंब्याच्या हंगामात जे झालं ते दुसऱ्या प्रकारचं होतं. कोकणात आता बऱ्याच शेडमध्ये, काजूच्या कारखान्यांत, मच्छीच्या काट्यांवर काटा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या अशाच केबली लागलेल्या दिसतात, म्हणून ते तपशिलाने लिहून ठेवतो आहे.

शेड देवगडपासून जवळच, जामसंड्याच्या बाजूला. झेल्याने उतरवलेला आंबा क्रेटमधून येतो, बायका एकेक फळ बारक्या काट्यावर ठेवतात, वजनाप्रमाणे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी पेटी ठरते. भरलेली पेटी मग मोठ्या काट्यावर जाते. दोन्ही काट्यांच्या मागे नऊ पिनांचा जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट आहे. आजच्या कॉम्प्युटरला तसला पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-सिरियल केबल. पायथॉनमध्ये लिहिलेला माझा एक छोटा प्रोग्राम काट्याचा आकडा वाचतो आणि बाग, तारीख, वजन असं लेबल छापतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर माल नेमका कुठल्या बागेतला हे विचारणारी गिऱ्हाइकं वाढली आणि मामांच्या धंद्यात या लेबलाला मोल आलं. लेबल नाही म्हणजे वाशीला जाणारी गाडी अडली.

जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेने खाल्ला. मदरबोर्डवर हिरवट थर चढला होता, तो दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. त्याच्या जागी एक छोटा मिनी-पीसी आला, त्यावर उबुंटू या लिनक्सची २२.०४ ही आवृत्ती घातली. आधीच्यावर २०.०४ होती. प्रोग्राम तोच, केबली त्याच, काटे तेच. आणि दोन्ही काटे मुके.

"काटो पेटता, आकडो दिसता, पण कॉम्प्युटरात कायच येना नाय," मामा फोनवर म्हणाले. "संध्याकाळची गाडी भरूची आसा. काय ता लवकर बघ."

कोकणात अशा वेळी पहिला संशय गंजावर जातो, आणि तो रास्तच असतो. मी पोचेपर्यंत कुणीतरी पिना घासून लख्ख केल्या होत्या. पण मला केबल आणि ड्रायव्हर यांचा प्रश्न आधी वेगळा करायचा होता. हिशेबनिसांच्या विंडोजच्या लॅपटॉपला तीच केबल, तोच काटा लावला. जोडणीची मांडणी काट्याशी जुळणारी दिली: वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. आकडे धडाधड यायला लागले. म्हणजे काटा बोलतो, केबल बोलते, पिना ठीक. या एका चाचणीने निम्मा गुंता सुटला. तोवर शेडमध्ये नवी केबल मागवायची, काट्याच्या मेकॅनिकला कणकवलीहून बोलवायचं अशी बोलणी सुरू झाली होती, ती थांबली.

आता मिनी-पीसी. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी, म्हणजे जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणारी आज्ञा, दिली. यादीत दोन्ही केबली हजर: ओळख-नंबर १ए८६:७५२३, नानजिंगच्या चिनी कंपनीची सीएच३४० चिप. स्वस्त यूएसबी-सिरियल केबलींत आणि अर्डुइनो या छोट्या प्रयोग-बोर्डाच्या स्वस्त नकलांत हीच चिप सर्रास सापडते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तिचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं आहे, नाव सीएच३४१. चढलेल्या ड्रायव्हरांची यादी देणाऱ्या एलएसमॉडमध्ये पाहिलं तर तो चढलेलाही होता. यंत्र आहे, ड्रायव्हर आहे, पण जिथे यंत्रांची नावं उमटतात त्या डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० नाही की टीटीवाययूएसबी१ नाही, म्हणजे दोन्ही काट्यांचे पोर्टच नाहीत. मधलं काहीतरी तुटलेलं.

इथे बरेच जण ड्रायव्हर पुन्हा बांधायला घेतात. चिपच्या कंपनीचा सोर्स उतरवतात, कंपाइल करतात, जुना मॉड्यूल, म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हरचा तुकडा, काळ्या यादीत टाकतात. माझं मत स्पष्ट आहे: कर्नल काय म्हणतोय ते वाचल्याशिवाय एकही मॉड्यूल हलवू नये. कारण हलवलं की मूळ पुरावा पुसला जातो, आणि वर आणखी एक ड्रायव्हर त्याच यंत्रावर हक्क सांगायला उभा राहतो. भांडण होतं दोघांचं, ते तिघांचं होतं.

म्हणून कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेजला डब्ल्यूचा पर्याय देऊन चालू ठेवलं, म्हणजे कर्नलची प्रत्येक नवी ओळ तिथल्या तिथे दिसत राहते. केबल काढली. थोडं थांबून परत लावली. ओळी आल्या त्या अशा क्रमाने. नवं यूएसबी यंत्र सापडलं. सीएच३४१ने ते ओळखलं. कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०ला जोडला गेला. आणि लगेच पुढची ओळ: इंटरफेस ० सीएच३४१च्या ताब्यात असताना 'बीआरएलटीटीवाय' कॉन्फिगरेशन १ लावतो आहे. त्याच्या खाली, कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०पासून सुटला. यंत्र निखळलं.

पोर्ट तयार होत होता. डोळ्याचं पातं लवायच्या आत कुणीतरी तो काढून घेत होतं, आणि कर्नलने त्याचं नावही लिहून ठेवलं होतं.

बीआरएलटीटीवाय हा दृष्टिहीन माणसांसाठीचा प्रोग्राम आहे. १९९५पासून त्यावर काम चालू आहे. ब्रेल डिस्प्ले नावाचं एक यंत्र असतं. त्याच्या पट्टीवर बारीक ठिपके वरखाली होतात आणि पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचता येतो. हा प्रोग्राम लिनक्सची कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा, त्या पट्टीवर आणतो. उबुंटूच्या डेस्कटॉपबरोबर तो आपोआप येतो, आणि ते योग्यच आहे. जो माणूस पडदा पाहू शकत नाही त्याला 'आधी पडद्यावर बघून हे पॅकेज घाल' असं सांगता येत नाही. डिस्प्ले जोडताच तो चालू झाला पाहिजे, इन्स्टॉल करतानाही.

आता हा प्रोग्राम आमच्या आंब्याच्या काट्यावर का बसला? यूएसबीच्या प्रत्येक यंत्राला दोन नंबर असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक उत्पादनाचा. ड्रायव्हर बहुतेक वेळा तेवढेच पाहून यंत्र ओळखतो. पण ज्याने सीएच३४० चिप विकत घेऊन स्वतःच्या यंत्रात बसवली, तो अनेकदा चिपचेच नंबर तसेच ठेवतो. मग केबल असो, अर्डुइनो असो वा आणखी काही, बाहेरून सगळ्यांची ओळख १ए८६:७५२३. अमेरिकेत दृष्टिहीनांसाठी राष्ट्रीय ग्रंथालय सेवा आहे, ती आपल्या वाचकांना ब्रेलचं ई-रीडर वापरायला देते. त्यातल्या झूमॅक्स नावाच्या २० अक्षरी रीडरची ओळखही हीच. २२.०४मध्ये जी बीआरएलटीटीवायची आवृत्ती आली, तिच्या नियमांत या रीडरची ओळ होती. २०.०४मध्ये ती नव्हती, म्हणूनच तिथे आमचे काटे सुरळीत चालत होते. सातबाऱ्यावर एकाच गट नंबराला दोन घरांची नावं लागावीत तसं हे झालं होतं. दोघांचेही कागद खरे, आणि वाद मिटत नाही तोवर जमीन कुणालाच कसता येत नाही.

कर्नलच्या बाजूने पाहिलं तर क्रमही कळतो. आधी कर्नलमधला सीएच३४१ यंत्राला चिकटतो, कारण तो आतच बसलेला असतो. मग यूडेव्ह, म्हणजे नवं यंत्र आलं की नियमांच्या फायली वाचून पुढची कामं लावणारा भाग, तो नियम वाचतो आणि नंबर जुळला म्हणून ब्रेलचा प्रोग्राम चालू करतो. तो प्रोग्राम कर्नलबाहेरून, यूएसबीएफएस या थेट यंत्राशी बोलायच्या वाटेने येतो आणि यंत्र आपल्याकडे ओढून घेतो. त्यासाठी आधीच्या ड्रायव्हरला सोडावं लागतं, आणि ड्रायव्हर सुटला की टीटीवाययूएसबी० पुसला जातो. मग ब्रेलचा प्रोग्राम पलीकडे डिस्प्ले आहे का ते विचारत बसतो. पलीकडे असतो काटा, तो काय उत्तर देणार.

मामांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मगे काढून टाक मरे तो प्रोग्राम! आमका कित्याक व्हयो तो?"

मामांचं चूक नव्हतं. शेडमध्ये ब्रेल डिस्प्ले लावणारं कुणी नाही, आणि या अडचणीवर जो तो हाच सल्ला देतो: पॅकेज उडवा, काम झालं. एका आज्ञेत उडतंही. पण मला ते पटत नाही, आणि याला कारण आहे. मामांच्या शेडसारखीच आणखी काही मशिनं मी सांभाळतो. त्यांतलं एक एका शाळेत आहे, आणि तिथे दहावीतली एक दृष्टिहीन मुलगी ब्रेल डिस्प्लेवर वाचते. सगळ्या मशिनांना मी एकाच स्क्रिप्टने तयार करतो. त्या स्क्रिप्टमध्ये 'ब्रेल काढून टाका' ही ओळ मला नको होती. आज शेडसाठी घातलेली ओळ उद्या शाळेच्या मशिनावर चालेल, आणि सकाळी ती मुलगी डिस्प्ले जोडेल तेव्हा पट्टी सपाट राहील. काय झालं हे सांगायला तिच्यासमोर पडदाही नसेल. काट्याचा आकडा आला नाही तर आम्हाला दहा वाटा आहेत, वजन पेनाने लिहिता येतं. तिला ती एकच वाट आहे.

शिवाय तांत्रिक बाजूनेही पॅकेज काढायची गरज नव्हती. वाद एका ओळीचा होता. ती ओळ शोधली: यूएसआर-लिबखालच्या यूडेव्हच्या नियमांत ७५२३ हा नंबर ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधला, तर ८५-बीआरएलटीटीवाय नावाच्या फाइलमध्ये सापडली. वर टिप्पणीत त्या रीडरचं नावही लिहिलेलं. ही फाइल जागच्या जागी बदलायची नसते, कारण पॅकेज अद्ययावत झालं की बदल पुसला जातो. यूडेव्हची रीत अशी, की त्याच नावाची फाइल इटीसी या मशिनापुरत्या बदलांच्या फोल्डरखालच्या नियमांत ठेवली तर मूळ फाइल वाचलीच जात नाही, आपली वाचली जाते. म्हणून फाइलची नक्कल इटीसीत केली, तेवढ्या एका ओळीपुढे हॅश (#) लावला, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही, बाकी एकही अक्षर हलवलं नाही. यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगितलं, चालू असलेली ब्रेलची सेवा थांबवली, केबल काढून लावली.

कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०ला जोडला गेला. पुढची ओळ आली नाही. मी बराच वेळ त्या कर्सरकडे बघत होतो.

पुढे परवानगीची अडचण आली, ती नेहमीचीच. सिरियल पोर्ट डायलआउट या गटाच्या ताब्यात असतात, नव्या मशिनावरचा वापरकर्ता त्या गटात नव्हता. गटात घातला, लॉगआउट होऊन परत लॉगइन केलं, प्रोग्रामने पोर्ट उघडला. बारक्या काट्यावर एक आंबा ठेवला आणि पडद्यावर २६२ ग्रॅम उमटलं. ते फळ ठेवणाऱ्या मावशींनी पुढचं फळ उचललंसुद्धा. त्यांना थांबायला वेळ नव्हता.

मोडेममॅनेजर, म्हणजे इंटरनेटचे डोंगल सांभाळणारा प्रोग्राम, त्याचीही चौकशी मी केली. सिरियल पोर्टाच्या भानगडीत त्याचं नाव हमखास येतं. पोर्ट दिसला की हा मोडेम आहे का ते पाहायला तो आपले प्रश्न पाठवतो अशी त्याची ख्याती आहे. आमच्या जर्नलमध्ये, म्हणजे मशिनाच्या नोंदवहीत, त्याने काट्यांना हात लावल्याची खूण नव्हती. तरी या दोन पोर्टांकडे दुर्लक्ष कर, एवढा नियम त्याच्यासाठी लिहून ठेवला. त्यालाही पूर्ण बंद केलं नाही. शेडमध्ये वायरचं इंटरनेट गेलं की सिमकार्डाचा डोंगल लावतात, तेव्हा तोच लागतो.

खरा धोका पुढे होता, आणि ब्रेलच्या वादापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटली, कारण यात काही बंद पडत नाही. दोन काटे, दोन सारख्याच केबली. कर्नल त्यांना ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने ० आणि १ देतो. लाईट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि क्रम बदलला, तर फळाचं वजन पेटीच्या रकान्यात आणि पेटीचं फळाच्या रकान्यात. एरवी अशा वेळी डेव्हमधल्या सिरियलच्या बाय-आयडी फोल्डरचा आधार घेतात, तिथे यंत्राच्या अनुक्रमांकावरून कायमचं नाव मिळतं. पण या स्वस्त केबलींना अनुक्रमांकच नसतो. दोन्हींचं नाव एकच होतं, आणि त्या नावाची खूण एकाच केबलीकडे बोट दाखवत होती. दुसरी तिथे नाहीच.

मग जागेवरून ओळखणं हाच मार्ग. मिनी-पीसीच्या मागचं प्रत्येक यूएसबीचं छिद्र कर्नलला पत्त्याने माहीत असतं. त्या पत्त्यावर नियम लिहिला: या छिद्रात जे लागेल ते 'काटा-फळ', त्या छिद्रात लागेल ते 'काटा-पेटी'. प्रोग्राम आता ० आणि १ ही नावं वापरतच नाही. त्याची किंमत अशी, की केबली अदलाबदल करून लावल्या तर गोंधळ होणारच. म्हणून छिद्राला आणि केबलीला जोडीने रंगीत टेप लावली, लाल फळाला, हिरवी पेटीला. प्रोग्राममध्येही एक अट घातली, की फळाचं वजन एक किलोच्या वर आलं तर लेबल छापू नये, मोठा आवाज करावा.

मग तपासणी. मशीन रीबूट केलं. केबली उलटसुलट क्रमाने काढून लावल्या. मुख्य बटण पाडून इन्व्हर्टरवर जाताना काय होतं ते पाहिलं. मिनी-पीसी इन्व्हर्टरवर तगला, पण काटे क्षणभर बंद होऊन परत चालू झाले आणि पहिली ओळ अर्धवट आली. ती टाकून द्यायची तजवीज प्रोग्राममध्ये केली. डीमेसेजची खिडकी सगळा वेळ शेजारी उघडी होती. ब्रेलच्या प्रोग्रामचं नाव परत आलं नाही. गाडी दिवेलागणीनंतर सुटली, नेहमीपेक्षा उशिरा, पण पूर्ण भरून.

शाळेच्या मशिनाकडे मी त्यानंतर मुद्दाम गेलो. तिथे प्रयोगशाळेत अर्डुइनोच्या नकला आल्या होत्या, त्यांच्यावर हीच चिप, हाच नंबर. म्हणजे तेच भांडण तिथे उभं राहणार होतं, आणि तेही ज्या मशिनावर ब्रेल खरोखर लागतं त्याच्यावर. मुलीच्या डिस्प्लेचे नंबर आधी एलएसयूएसबीत पाहिले. ते वेगळे होते. नियमांच्या फाइलमध्ये तिच्या डिस्प्लेची ओळ स्वतंत्र होती, आणि आपण बंद करणार ती ओळ अमेरिकेतल्या त्या ई-रीडरची. म्हणून तिथेही तेवढीच एक ओळ बंद केली. मग तिला बोलावलं, कारण हे काम झालं की नाही ते सांगण्याचा अधिकार तिचा होता. तिने डिस्प्ले जोडला, पट्टीवर बोटं फिरवली, एक कन्सोल बदलून दुसरी पाहिली, मग म्हणाली, "चालतंय सर. आता ते बोर्ड लावा, लावल्यावर बंद पडतं का बघू." बोर्ड लावला. दोन्ही चालत राहिलं.

एक गोष्ट या उपायात राहते आणि ती मी दोन्ही मशिनांच्या वहीत लिहून ठेवली आहे. इटीसीतली नक्कल मूळ फाइलला पूर्ण झाकते. पुढच्या आवृत्तीत नव्या डिस्प्लेंच्या ओळी आल्या तर त्या या मशिनांना कळणार नाहीत. शेडमध्ये त्याने फरक पडत नाही, शाळेत पडू शकतो. म्हणून शाळेचं मशीन जेव्हा जेव्हा अद्ययावत होईल, तेव्हा डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने दोन्ही फायली ताडून पाहायच्या, नवीन ओळी नकलेत घ्यायच्या, आणि मुलीला डिस्प्ले जोडून बघायला सांगायचं. हे काम आता तिथल्या संगणकाच्या बाईंनी शिकून घेतलं आहे.